रिठदच्या वाटेवरची बारव

वैशाखात वऱ्हाडात हौसेने कुणी जात नाही. मी गेले, आणि कुणी विचारलं तर वैशाखातच जा असं सांगते. उन्हाळ्यात जमीन उघडी पडते, विहिरींचं पाणी तळाला जातं, माणसं झाडाखाली बसलेली सापडतात आणि त्यांना बोलायला सवड असते. मुलूख नुसता बघायचा नसून समजून घ्यायचा असेल तर थोडं ऊन अंगावर घ्यावं लागतं.

मी नागपुरात मुलींच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. घरच्यांची माझ्याबद्दल जुनी तक्रार आहे, की मी एका विषयावर टिकत नाही. बेडकावरून शिलालेखावर जाते आणि शिलालेखावरून म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीवर. मला ही तक्रार पटत नाही. बेडूक ज्या डबक्यात राहतो ते कुणीतरी खणलेलं असतं, आणि त्यातलं पाणी कुणी भरायचं हेही कुणीतरी ठरवलेलं असतं. मग हे विषय निराळे कसे धरायचे?

आताची ही दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझी शाळेपासूनची मैत्रीण यमुना वाशिमच्या बायकांच्या दवाखान्यात डॉक्टर होती. हिवाळ्यात ती नागपूरला आली, तेव्हा चहा पिता पिता म्हणाली, "रिठदच्या वाटेवर एका खेड्यात जुनी बारव आहे. पायऱ्यांची, कोरीव कामाची. गावात उन्हाळाभर नारू. आता लोकल बोर्ड म्हणतं, बारव बुजवून टाका. मी डॉक्टर, मला आनंद व्हायला हवा. पण बुजवल्यावर गावाने प्यायचं काय, हे कुणी बोलत नाही. तू ये. तुला लागतं ते सगळं तिथे एका जागी आहे. किडे, दगड आणि भांडण."

ज्यांनी नारू पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. माणसाच्या पायावर फोड येतो, तो फुटतो आणि त्यातून सुतासारखा पांढरा किडा डोकावतो. हातभर लांब, कधी त्याहून जास्त. तो ओढून काढता येत नाही. तुटला तर पाय सुजून माणूस आयुष्याचा अधू होतो. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. तोवर महिना महिना अंथरूण. पुस्तकात मी हा किडा वर्षानुवर्षं शिकवत होते. ज्या पाण्यात तो राहतो ते पाणी मात्र कधी पाहिलं नव्हतं. सुट्टी लागली आणि मी निघाले.

नागपूरहून मूर्तिजापूरपर्यंत मोठी गाडी. बायकांच्या डब्यात जागा मिळाली, पण माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या लाकडी पेटीने सगळ्यांना कोड्यात टाकलं. समोरच्या बाईंनी बराच वेळ पेटीकडे पाहून विचारलं, "गाण्याची पेटी हाय काय वं बाई?"

"नाही, भिंग आहे. बारीक किडे मोठे दिसतात त्यात."

"आन मोठे पाहून काय करतं?"

मी सांगायला लागले, तर बडनेरा आलं आणि त्या उतरून गेल्या. जाता जाता शेजारणीला म्हणाल्या, "शिकलेली हाय, पण गरीब सभावाची हाय."

मूर्तिजापूरला रूळ बदलतात. पलीकडच्या फलाटावर यवतमाळकडे जाणारी छोटी गाडी उभी असते. ज्यांना जायचं असेल त्यांनी पाण्याची सुरई आणि खाण्याचा डबा बरोबर ठेवावा, कारण ही गाडी वेळेपेक्षा माणसांकडे जास्त बघते. कुणी शेतातून हात करत पळत आलं तर ती जरा थबकते. वाटेत धनज लागलं. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, ढीग बांधावर लावलेले, आणि त्या उजाड काळ्या जमिनीत मध्येच एखादा बहावा पिवळाजर्द फुललेला. तारेवर नीलकंठ बसले होते. उन्हाने भेगाळलेली ती काळी माती पाहून नवख्या माणसाला वाटावं की इथे काही उगवत नसेल. त्याच मातीतला कापूस दर मोसमात विलायतेच्या गिरण्यांपर्यंत जातो.

कारंजाला मी माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी उतरले. कमल तिचं नाव. घर जैनांचं, कापसाच्या व्यापाऱ्यांचं. गावाला जुन्या वेशी आहेत, सरकी काढणाऱ्या जिनांची धुरांडी आहेत आणि मंदिरांत लाकडावरचं कोरीव काम असं आहे, की पुढ्यात बसलं तर उठवत नाही. पाहायला जाणाऱ्यांनी सकाळी जावं, उजेड बरा असतो. ग्रंथभांडारातल्या हस्तलिखितांना वाळवी लागू नये म्हणून काय करतात ते मी पुजाऱ्यांना विचारत बसले. कमल कंटाळून पायरीवर जाऊन बसली.

त्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण होई. ज्वारीची भाकरी, डाळीच्या वाफवलेल्या फुणक्यांची कढी, आंब्याचा रस. पण माझं लक्ष जेवणापेक्षा पाण्यावर होतं. कमलची आई घागरीच्या तोंडाला दुहेरी घडीचं जाड कापड बांधून त्यातून पाणी ओतत होती. सगळं गाळून झालं, की कापड उलटं करून, गाळलेल्या पाण्याने हलकेच धुऊन ते पाणी विहिरीत परत सोडायला त्या निघाल्या.

"हे काहून, काकू?" मी दोन दिवसांत त्यांचं बोलणं उचललं होतं.

"कापडावर जीव अडकतात ना. आपण वाचलो, आता त्यायलेही त्यायच्या घरी पोचवा लागते."

"तुमच्या घरात कुणाला नारू झालाय कधी?"

त्यांनी आठवून पाहिलं. "आमच्या घरात? नाई. सासूबाईच्या काळातही आयकला नाई."

नारूचं पिल्लू पाण्यातल्या एका बारक्या किड्याच्या पोटात बसतं. त्या किड्याला एकच डोळा असतो, आकार खसखशीच्या दाण्याहून लहान. तो पाण्यातून आपल्या पोटात गेला की वर्षाने पायातून नारू निघतो. तो किडा या कापडातून जात नाही. हे घर जीवदयेपोटी पाणी गाळत होतं आणि त्याच कापडाने पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचीही राखण होत होती. मी काकूंकडून तसलं कापड मागून घेतलं. त्यांनी एक सोडून चांगली थप्पी दिली.

कारंजाहून मंगरूळपीरवरून वाशिमला सर्व्हिस मोटार जात असे. आता पेट्रोलच्या टंचाईत मोटारी कोळशाच्या धुरावर चालतात आणि चढावर उतरून ढकलाव्या लागतात, असं ऐकते. तेव्हा बरी स्थिती होती. फक्त धूळ खावी लागे. टपावर गाठोडी, कोंबड्यांची खुराडी आणि माझी पेटी. पेटी टपावर द्यायला मी तयार नव्हते. ड्रायव्हर, खानसाहेब म्हणत त्यांना, शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी मांडीवर घेता का सीटवर ठेवता? सीटवर ठेवसान तं तिचं तिकीट पडन." मी मांडीवर घेतली. मंगरूळपीरला दर्ग्यापाशी मोटार थांबली, तिथे त्यांनीच मला लिंबाच्या सावलीत बसवून सरबत आणून दिलं.

वाशिम हे जुनं वत्सगुल्म, वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी. नाव भारदस्त, गाव मात्र उन्हात निवांत पडलेलं. बालाजीचं देऊळ आणि पद्मतीर्थाचा तलाव, दोन्ही संध्याकाळी पाहावीत. मी तलावाच्या पायरीवर बसून बाटलीत पाणी घेतलं, तेव्हा घाटावरच्या एका आजोबांना वाटलं मी तीर्थ घरी नेतेय, आणि त्यांनी मला कुठल्या पायरीवरचं पाणी जास्त पुण्याचं ते दाखवलं. तिथलंही घेतलं. शेवाळ दोन्हीकडे एकाच जातीचं निघालं.

यमूच्या दवाखान्यात सकाळी ओसरीभर बायका. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या पायाला काडी बांधलेली. नांगरटीचे, सरपणाचे, लग्नसराईचे दिवस, आणि या पाय लांब करून बसलेल्या. यमू मलमपट्टी करत मला म्हणाली, "आता बघ. यांतल्या जास्त त्याच एका गावच्या आहेत. बोर्डाचे लोक आकडा बघतात आणि म्हणतात बुजवा. चुकीचं नाही रे बोलत ते. पण मी तिथे गेलेय. गावात दुसरी विहीर नाही." यमू मला लहानपणापासून 'अरे' म्हणते, मीही तिला म्हणते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही छकड्याने निघालो. रिठदचा रस्ता बरा आहे, पण या गावाला रिठदच्या अलीकडेच डावीकडच्या गाडवाटेने आत जावं लागतं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे जे झालं ते त्या गावाचंच होतं असं नाही. वाटेत ओढ्याच्या कोरड्या पात्रात मोर चालत होते, गाडीवानाने सवयीने बैल थांबवून त्यांना जाऊ दिलं.

बारव गावाच्या खालच्या अंगाला, एका कवठाच्या झाडापलीकडे. वरून काही दिसत नाही. पहिली पायरी उतरली की समोर अख्खी इमारत जमिनीत गेलेली. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना कोनाडे, कोनाड्यांत झिजलेल्या मूर्ती. एका कोनाड्यात सात बायका ओळीने बसलेल्या, मांडीवर मुलं. पुस्तकातलं नाव सप्तमातृका. गाव त्यांना साती आसरा म्हणतं, पाण्यातल्या देवता. त्यांच्या अंगावर हळदकुंकवाचा जाड थर होता. खाली गारवा, पारव्यांची घुमघुम आणि हिरवट पाणी. बायका एकामागून एक उतरून घोट्याइतक्या पाण्यात उभ्या राहत आणि घागर बुडवत. त्यांतल्या एकीच्या पायाला काडी होती. ती त्याच पायाने पाण्यात उभी होती.

मी बाटलीत पाणी घेतलं, पायरीवरच पेटी उघडली आणि थेंब भिंगाखाली ठेवला. एकाक्ष किडे पाहिजे तितके होते. बायका जमल्या.

"काय पाहून राह्यली वं बाई?"

"या, तुम्हीही बघा."

पहिल्या बाईने डोळा लावला आणि मागे सरकली. "माय वं, हे तं पोहून राह्यलं."

"डोळा एकच हाय याले," दुसरी म्हणाली. "असं कसं जनावर?"

दुपारपर्यंत आम्ही दोघी घरोघर हिंडलो. प्रत्येक घरी एकच प्रश्न: या उन्हाळ्यात कुणाला नारू? घर सावकाराचं असो की मजुराचं, बाजेवर कुणी ना कुणी होतं. गावाच्या टोकाला महारवाडा. तिथे मात्र यमूही चकित झाली. एकाही घरात नारू नव्हता.

सोनाबाई नावाच्या, चाळिशीच्या बाईने आम्हाला बसायला गोणपाट टाकलं. मी विचारलं, तुम्ही पाणी कुठलं पिता?

"नदीतलं. वाळूत झिरा खंदतो, त्यातलं वाटीवाटीनं भरतो. उन्हाळ्यात एका घागरीले लई येळ लागते."

"बारवेवर?"

"बारवीची पयली पायरीबी आमाले मना हाय, बाई."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. रस्ता कुठे वळतो ते सांगावं तसं सांगितलं. मी गोणपाटावर बसून राहिले. इतका स्वच्छ पुरावा मला प्रयोगशाळेत कधी मिळाला नव्हता, आणि तो कशामुळे मिळाला हे कळल्यावर त्याचा आनंद वाटेना.

पाटलांच्या घरी आमचं जेवण होतं. पाटील तरुण होते. घर आणि बरंचसं गाव चालवत होत्या त्यांच्या आई, भागाबाई. टाचेत नारू, पाय उशीवर, आणि बाजेवरूनच सगळ्यांना कामं सांगणं चालू. मी त्यांना सरळ सांगितलं, की महारवाड्यात नारू नाही, कारण ते बारवेचं पाणी पीत नाहीत.

"थे मले ठाव हाय," त्या म्हणाल्या. "आसरा त्याइच्यावर कायले कोपतीन? थे तं त्याइच्या पाण्याजवळ येतच नाईत. आमी जातो, शिवाशिव होते, कोप आमच्यावर होते."

माझा पुरावा त्यांनी एका वाक्यात आपल्या बाजूला लावून घेतला. त्यात मला खोट काढता येईना. दोन्ही उत्तरं त्या गावाला सारखीच लागू पडत होती. मी यमूकडे पाहिलं. ती भाकरी मोडत हसू दाबत होती.

"भागाबाई, मला तुमचा पाय हवाय," मी म्हटलं. "थोडा वेळ."

मातीच्या परळात स्वच्छ, उकळून गार केलेलं पाणी घेतलं आणि त्यांची टाच त्यात बुडवली. थोड्या वेळात नारूच्या तोंडातून दुधासारखा पांढरा धूर पाण्यात पसरला. त्यातला थेंब भिंगाखाली धरला, नीट स्पष्ट केला आणि पेटी बाजेवर त्यांच्या मांडीशी ठेवली. आधी त्यांना काही दिसेना. मग दिसलं. त्या बराच वेळ डोळा काढीनात.

"हे सापावानी वळवळून राह्यलं, हे काय?"

"नारूची पिल्लं."

"कुठली?"

"तुमच्या टाचेतून आत्ता निघाली. पाणी लागलं की नारू ती सोडतो. पाण्यात तो एका डोळ्याचा किडा त्यांना खातो, आणि किडा आपण पितो."

भागाबाईंनी परळाकडे पाहिलं, मग पायाकडे. "आन मी हाच पाय घेऊन परवापरेंत पाण्यात उतरून राह्यलती."

त्यांची सून दारात उभी होती. तिच्या कडेवर मूल होतं. भागाबाई सुनेकडे बघत म्हणाल्या, "हे पाणी चुलीत टाक. आंगनात नोको." आणि मला म्हणाल्या, "माह्या पायातून निंगालं तं आसरा कायले बदनाम करू मी?"

संध्याकाळी कवठाखाली सभा भरली. बोर्डाचे एक सभासद वाशिमहून स्वतःच्या मोटारीने आले होते; सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. सभ्य माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी सांगितलं, की बोर्ड बारव बुजवून देईल, आणि नव्या विहिरीचा विचार पुढे करील.

भागाबाईंना बाजेसकट आणून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "पुढं मंजे कवा? तवर आमी काय वारा प्याचा?"

मग मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. इतक्या पुरुषांपुढे एखादी बाई असं उभं राहून बोलते हे त्या गावाने पूर्वी पाहिलं नसावं. पण वर्गात शिकवायची सवय कामाला आली. मी म्हटलं, दोष बारवेचा नाही, पायऱ्यांचा आहे. माणूस पाण्यात पाय घालतो म्हणून नारू पाण्यात जातो. खालच्या टप्प्यावर भिंत घाला, कुणी पाण्यापर्यंत उतरायचंच नाही. वर काठाला रहाट बसवा आणि दोराने पाणी ओढा. मूर्ती राहतील, पाणी राहील, नारू जाईल. पाणी दुहेरी कापडातून गाळून प्या, कापड मी आणलंय. आणि एक नीट ऐका. पुढच्या उन्हाळ्यातही नारू निघतील. ते आधीच तुमच्या पोटात आहेत, त्यांना बाहेर यायला वर्ष लागतं. तेव्हा रहाटांना दोष देऊ नका. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझा शब्द तपासा.

रावसाहेब म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी नारू निघाले तर लोक मला धरतील."

"मला धरायला सांगा. मी येईन."

तेवढ्यात सभेच्या बाहेरून, नदीच्या बाजूने आवाज आला. सोनाबाई आणि महारवाड्यातल्या आणखी काही बायका तिथे लांब उभ्या होत्या, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

"बाई, एक इचारू काय? पानी खराब व्हतं तवा आमाले मना व्हतं. आता थे चांगलं होइन म्हनता. मंग मना राहीन का जाईन?"

पाटील म्हणाले, "हा इशय आज नाई."

"बोर्डाचा पैसा लागणार असेल," मी म्हटलं, "तर तो सगळ्यांच्या पट्टीतून आलेला आहे. पाणीही सगळ्यांचं."

सगळ्यांनी रावसाहेबांकडे पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, "नियम तसाच आहे. बोर्डाच्या पैशाची विहीर सगळ्यांना मोकळी." मग म्हणाले, "बुजवायला मात्र कुठलाच नियम आड येत नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बारव बुजवायची घाई नारूपायी कमी आणि या प्रश्नापायी जास्त होती. नारूचा आकडा खरा होता. फक्त तो सोयीचाही होता.

कुरबुर सुरू झाली. कुणी म्हणालं, वर्गणी काढू, बोर्डाचा पैसाच नको. कुणी म्हणालं, मग बुजवाच. एक म्हातारा काठी आपटत उठून गेला. रावसाहेब निघायच्या तयारीत असताना भागाबाई बोलल्या.

"चार रहाट ठेवा. एक तिकडच्या तोंडाले, नदीकडच्या. त्याइले तिकडून येता येते."

"माय, गाव काय म्हनन?" पाटलांनी हळूच विचारलं.

"गावाले इचार, नारू पायजे का पानी पायजे. वर्गनी देनारा कोन हाय इथं? मले तं दिसून नाई राह्यला."

मला हवं होतं ते हे नव्हे. एकच पाणी आणि चौथा रहाट पलीकडच्या तोंडाला, हे मला पटण्यासारखं नव्हतं, आणि मी तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं. यमूने माझ्या पदराला ओढ दिली. "आत्ता हे पदरात पाडून घे," ती पुटपुटली. "उद्या यांतलं काहीच राहणार नाही." मी सोनाबाईकडे पाहिलं. तिने बारवेकडे पाहिलं, "बरं" म्हणाली आणि झिऱ्याकडे घागर घेऊन गेली. त्या दिवशीचं पाणी तिला अजून भरायचं होतं.

रावसाहेबांनी सगळ्यांदेखत चारही रहाट कबूल केले, म्हणून काम झालं. पावसाळ्याआधी भिंत आणि रहाट. यमू पाठीस लागून होती.

मी वाशिमहून मोटारीने अकोल्याला आले आणि तिथून मोठी गाडी धरली. परतीला हाच रस्ता सोयीचा. वाटेतला घाट सकाळी उतरावा, उन्हात मोटार फार तापते. जाणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच: कारंजाला मुक्काम करा, वाशिमचा तलाव बघा, आणि रिठदच्या बाजूला गेलात तर एखादी बारव उतरून पाहा. पाणी मात्र गाळून प्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गावात नारू निघाले. बोर्डाने यमूला बोलावून विचारलं, आणि मी सुट्टीत वाशिमला जाऊन उत्तर दिलं. काहींना पटलं, काहींनी खांदे उडवले. भागाबाईंनी निरोप पाठवला होता, की त्यांच्या घरी सगळे कापडाने गाळतात आणि त्या थांबायला तयार आहेत.

त्याच्या पुढच्या वैशाखात यमू रजेवर नागपूरला आली. दारातून आत येतानाच म्हणाली, "त्या गावचा एकही नारू या वर्षी दवाखान्यात नाही." मी स्वयंपाकघरात होते. हात पुसून बाहेर आले आणि तिला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. आयुष्यात शिकवलेल्या सगळ्या तासांहून मला ते वाक्य मोठं वाटलं, आणि आजही वाटतं.

चहा झाल्यावर मी विचारलं, "आणि चौथा रहाट?"

"चालतो. सुरुवातीला त्याचा दोर कुणीतरी कापून टाकायचं. दोन-तीनदा झालं. मग सोनाबाईने दोर ठेवणंच बंद केलं. सकाळी घरून दोर आणायचा, रहाटावर चढवायचा, सगळ्यांचं पाणी भरून झालं की सोडून घरी न्यायचा. बाकीच्या बायकाही आळीपाळीने तसंच करतात. आता कुणी त्रास देत नाही म्हणे."

"मग दोर आता तिथेच राहत असेल."

यमूने कप खाली ठेवला. "नाही. अजून रोज घरी नेतात."

नारू जायला किती उन्हाळे लागतील हे मी त्या गावाला छातीठोक सांगितलं होतं. तो दोर रहाटावर राहायला किती लागतील हे भिंगाखाली दिसत नाही.